नखाएवढा चेहरा

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा दारात पोरांचा किल्ला तयार असेल. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या असतील, उतारावर अळीव उगवलं असेल, बुरुजांवर मावळे उभे असतील. त्यातला एक उचला आणि त्याच्या तोंडाकडं नीट बघा. दोन काळे ठिपके, वर दोन आडव्या रेघा, खाली मिशी. आता शेजारचा उचला. तोच. पहारेकरी, भालेकरी, तोफेजवळचा, घोड्यावरचा, सगळे एका वेळी एकाच आईला झालेले. एवढं मोठं राज्य शे-दीडशे जुळ्या भावांनी उभं केलं, असं एखाद्या पोराला वाटलं तर दोष त्याचा नाही, आमच्या धंद्याचा आहे.

मी याच धंद्यात आहे. प्लास्टरच्या आणि मातीच्या बोटभर माणसांना मी चेहरे रंगवते. आणि त्या दोन ठिपक्यांचा मला पहिल्यापासून राग आहे.

राग आमच्या घरातच आहे. वडील साताऱ्याला कारखान्यात फिटर आणि उरलेल्या वेळात चळवळ. आई म्हणते, उलट. लोकांकडं देवघर असतं त्या कोपऱ्यात आमच्याकडं पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं पत्रकांवरूनच शिकले. वर्गातल्या पोरांना ‘कृष्ण’ लिहिता येण्याआधी मला ‘कष्टकरी’ लिहिता येत होतं. पुढं मी स्वतः पत्रकं लिहायला लागले, त्यांच्यावर चित्रंही काढायला लागले. कष्टकरी, शोषित, जनता. हे शब्द मला आवडायचे, अजूनही आवडतात. त्यांच्यात एक अडचण आहे, ती मला रझियाआपांनी दाखवली.

कॉलेज संपल्यावर मी कराडात हंगामी कामगार बायकांसाठी पत्रक वाटत होते. कृष्णेच्या घाटाकडं उतरणाऱ्या गल्लीत एका पत्र्याच्या शेडमध्ये बायका बसून मावळे रंगवत होत्या. शेडची मालकीण म्हणजे रझियाआपा. त्यांच्या सासऱ्यांपासून घरात साच्यांचं काम. चष्मा कपाळावर, ओढणी खांद्यावरून पाठीशी बांधलेली, कानामागं ब्रश. मला वाटलं, मालक म्हटल्यावर ही बाई मला हाकलणार. त्यांनी पत्रक घेतलं आणि उभ्या-उभ्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. पत्रक शेवटपर्यंत वाचणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

“हे चित्र कुणी काढलं?”

“मी.”

“मूठ झ्याक काढलीस. ह्याचं तोंड कुठाय?”

चित्रात एक कामगार होता. वर केलेली मूठ, मागं उगवता सूर्य, आणि डोक्याच्या जागी एक गोळा. मी समजावून सांगितलं की तो सगळ्या कामगारांचं प्रतीक आहे, म्हणून त्याला मुद्दामच चेहरा दिलेला नाही.

“सगळ्यांचा म्हंजे कुणाचाच न्हाई,” आपा म्हणाल्या. “उद्या ये. नाक शिकवती.”

मी वाद घालायला म्हणून दुसऱ्या दिवशी गेले. अजून तिथंच आहे. आपा मला तेव्हापासून ‘कॉम्रेड’ म्हणतात, आणि तो शब्द इतका खवचटपणे म्हणता येतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं की या कामात हात स्थिर पाहिजे. हात कुणाचाच स्थिर नसतो. दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेला टेकवायची, मूर्ती बाटलीच्या बुचावर चिकटवून बूच डाव्या हातात धरायचं, श्वास अर्धा सोडायचा आणि थांबायचं. त्या थांबलेल्या श्वासात एक रेघ. मग पुढचा श्वास, पुढची रेघ. पहिले काही आठवडे मी एवढंच केलं आणि माझे मावळे दिसायचे पित्त खवळल्यासारखे.

“ह्याला काय झालंय?” आपा एकेक उचलून विचारायच्या. “ह्यानं भूत बघितलंय का?”

कारण मी डोळ्यांत पांढरा रंग भरत होते. डोळा पांढरा नसतो. समोर बसलेल्या माणसाचा डोळा बघा. तो मळकट, पिवळसर, कोपऱ्याला गुलाबी असतो. त्यात शुद्ध पांढरा घातला की माणूस दचकलेला दिसतो. मी बावीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघून भाषणं ऐकली होती, दिली होती, आणि डोळ्याचा रंग मला ठाऊक नव्हता.

दुसरं, उजेड. आपलं तोंड मोठं, म्हणून नाकाची सावली आपोआप ओठावर पडते. नखाएवढ्या तोंडावर ती पडते पण दिसत नाही. म्हणून उजेडही रंगानंच घालावा लागतो आणि सावलीही. भुवईखाली, नाकाखाली, खालच्या ओठाखाली गडद; कपाळ, नाकाचा शेंडा, गालाची हाडं उजळ. ऊन कुठून येतंय ते रंगवणाऱ्यानं ठरवायचं. आणि कातडीसाठी बाजारात जी तयार बाटली मिळते तिच्यात गुलाबी रंग असतो. आपांनी ती बाटली मला खिडकीत धरून दाखवली. “साताऱ्यापास्नं सांगलीपातूर फिरून ये आणि ह्या रंगाचा माणूस घेऊन ये. त्याला फुकट रंगवून देती.” आम्ही विटकरीत पिवळी माती मिसळतो. दाढी केलेल्या गालांवर हिरवट-निळी झाक, नाकाला आणि कानांच्या पाळ्यांना तांबूस. माण-खटावकडचा मेंढरामागं फिरणारा माणूस असेल तर पटक्याखाली झाकलेलं कपाळ उजळ आणि खालचं तोंड रापलेलं. फौजी असेल तर टोपीची रेघ. एका कपाळावर दोन रंग. त्या रेघेत माणसाचा धंदा कळतो.

आणि तिसरा नियम, जो फक्त किल्ल्याच्या मावळ्यांचा आहे. किल्ला जमिनीवर असतो, पोर त्याच्याकडं वरून बघतं. सरळ बघणारा मावळा वरून बघितला तर मान खाली घातल्यासारखा दिसतो. म्हणून आमच्याकडं बुबुळ नेहमी किंचित वर चढवायचं. “मावळा वर बघतो,” हे आपांच्या सासऱ्यांचं वाक्य. त्यांच्या घराण्यात ते कलम आहे.

आपांना स्वतःच्या कामाबद्दल संकोच नाही. “कराडात माझ्यासारखा डोळा कोण काढत न्हाई, आणि कोल्हापुरात काढत असला तर मला दाखवा,” असं त्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतात. मला ते आवडतं. कष्टाला विनय शोभतो हे ज्यांनी सांगितलं त्यांनी कधी कष्ट केले नसावेत.

एकदा सांगलीचा एक ठोक व्यापारी आला. त्याला शत्रूचे शिपाई हवे होते, आणि त्यांची तोंडं वेगळी हवी होती. मी खूश झाले. मग तो म्हणाला, “म्हणजे दुष्ट दिसले पाहिजेत. डोळे लाल करा.” माझ्या तोंडात पूर्ण परिच्छेद तयार झाला, पण आपांनी आधीच ब्रश पाण्यात बुडवला होता.

“लाल डोळं जागरणानं हुत्यात, शेठ. वेढा पडल्यावर दोन्हीकडचे जागेच असतात. करायचे तर समद्यांचे करू.”

शेठ हसला आणि साधे डोळे घेऊन गेला. मी परिच्छेद गिळला.

दुसऱ्यांदा साताऱ्याहून एक आई आणि नवरी मुलगी आल्या. लग्नाच्या केकवर ठेवायला नवरा-नवरीची जोडी हवी होती, हल्ली ती मागणी बरीच असते. आई म्हणाली, “हिला जरा गोरी करा.” मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली. यावेळी मी गप्प बसले नाही. गोऱ्या रंगाच्या गुलामगिरीवर मी जे बोलले ते चांगलं होतं. कुठंतरी छापायला हवं होतं. आईचं तोंड दगडासारखं झालं. मग आपा म्हणाल्या, “गोरी करती की. दोन मिन्टाचं काम हाय. पण मग ती कुणाची तरी पोरगी दिसंल, वैनी, तुमची न्हाई दिसायची.” आईनं मुलीकडं नीट बघितलं. मग म्हणाली, “असू द्या. हाय तशीच करा.” मुलीनं मान वळवली नाही, पण तिचे कान तांबूस झाले. मी तो रंग लक्षात ठेवला आणि वापरला.

अशा कामांमुळं आमचं नाव चेहऱ्यांसाठी झालं. हंगामात ठोक माल अजून ठिपक्यांचाच जातो, याचं मला वाईट वाटतं. एकेका मावळ्याला एकेक चेहरा द्यायला शेडमधल्या बायकांचे हात पुरणार नाहीत. पण उरलेल्या दिवसांत लोक फोटो घेऊन येतात. तशाच हौसाक्का आल्या.

उंब्रजच्या वरच्या अंगाला एक गाव आहे, घरटी एक तरी माणूस फौजेत. हौसाक्का तिथून वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमधून आल्या होत्या. बुटक्या, काटक्यांसारखे हात, पदर दातात धरायची सवय. पिशवीतून त्यांनी एक फोटो काढला. त्यांचा मुलगा संपत, वर्दीत. सीमेवर बर्फात गेला होता. पेटी बंदच आली, उघडू दिली नाही. लग्न झालेलं नव्हतं. घरात आता त्या एकट्या.

“ह्याचं तोंड करून पायजे,” त्या म्हणाल्या.

आपांनी विचारलं, “गावात पुतळा असंल की, आक्का. तुमच्या गावात तर असणारच.”

“हाय. कमानीजवळ हाय. छातीपातूर.” त्या फोटोकडं बघत होत्या. “त्यो माझा न्हाई. तयार आणलाय. मिशी बघा केवढी, माझ्या पोराला एवढी मिशीच न्हवती. पर मी काय बोलती, लोकांनी मायेनं केलाय. पानी आनायला, दुकानाला, येता-जाता रोज त्यो म्होरं येतो. आता बाई, काय झालंय, डोळं मिटलं की त्योच दिसतोय. पुतळ्याचंच तोंड येतंय. माझा आठवायला गेली तर त्योच म्होरं येऊन हुबा ऱ्हातो. माझा कुठं गेला त्येच कळंना.”

त्यांनी हे रडून सांगितलं नाही. घरातलं एखादं भांडं सापडत नाही तसं सांगितलं.

मला असा राग आला की ब्रश खाली ठेवावा लागला. फ्लेक्सवर, कमानीवर, भाषणात, सगळीकडं एकच वीर. मोठी मिशी, पुढं आलेली छाती. आमच्या पत्रकातल्या बिनतोंडाच्या कामगाराचा हा सख्खा भाऊ. त्यानं एका आईच्या डोक्यातून तिचा मुलगा हुसकून लावला होता. मी ठरवलं, हा चेहरा मीच करणार. आपांनी नुसती मान हलवली.

फोटो चांगला होता, समोरून घेतलेला. मी वीतभराहून कमी उंचीचा जवान घेतला, कपाळावर टोपीची रेघ घातली, गालावर हिरवट झाक, डाव्या भुवईतला छोटा खंड. आपांनी भिंगातून बघून “हां” म्हटलं. आपांचं “हां” हे आमच्याकडं सुवर्णपदक आहे.

हौसाक्कांनी मूर्ती दोन्ही हातांत घेतली, बराच वेळ बघितली. “लय चांगला झालाय,” म्हणाल्या आणि पदरात गुंडाळायला लागल्या. मग थांबल्या. “ह्यो फोटोतला हाय.”

“फोटो संपतचाच आहे ना, काकी?”

“व्हय की. त्याचाच हाय. फोटोत असाच दिसतोय.”

मी दुसरे फोटो मागवले. मित्रांबरोबरचा, मोटरसायकलवरचा, बहिणीच्या लग्नातला. सगळे मांडून दुसरी मूर्ती केली, हसरी. हौसाक्का पुन्हा आल्या. यावेळी त्यांनी मूर्ती हातात फिरवून बघितली आणि बोट दाखवून म्हणाल्या, “हितली जखम न्हाई काढली तुमी.”

“कुठली जखम?”

“हनुवटीला. ल्हान असताना उसाच्या ट्रॉलीवरनं पडला हुता. टाकं घातल्यालं.”

मी सगळे फोटो भिंगाखाली घातले. हनुवटीवर कुठंच जखम नव्हती. मी त्यांना दाखवलं. त्यांनी फोटो बघितले, मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, त्यांची आठवणच आता पुसट होत चालली आहे. आणि पुराव्यावर वाढलेली मी, मी त्यांना म्हणाले, “काकी, फोटो खोटं बोलत नाही.”

“मी कुठं म्हनती खोटा हाय,” त्या म्हणाल्या. मूर्ती त्यांनी टेबलावर ठेवली, पिशवी उचलली. “ऱ्हाऊ द्या पोरी. तुमी लय केलं.”

त्या गेल्यावर आपा म्हणाल्या, “कॉम्रेड, आपण तिच्या घरी जाऊ.”

“कशाला? फोटो सगळे आपल्याकडं आहेत.”

“फोटो हायत. ती तिकडं हाय.”

घर कौलारू, चौकट बुटकी. आपांनासुद्धा वाकावं लागलं. हौसाक्कांनी आम्हाला पाणी दिलं, आणि नको-नको म्हणत असताना भाकरी करायला चुलीपुढं बसल्या. आपांनी विचारलं, संपत सुट्टीला आला की काय करायचा. त्या पीठ मळत सांगायला लागल्या. आल्या-आल्या वर्दी काढून बनियनवर व्हायचा. बाहेर दोस्त हाका मारायचे तरी आधी स्वयंपाकघराच्या दारात यायचा, दोन्ही हात चौकटीला वर टेकवून उभा राहायचा आणि म्हणायचा, आई, काय करतीस. रोज तेच. दिसत नाही का मेल्या, हौसाक्का म्हणायच्या.

आपांनी माझ्या गुडघ्यावर बोट मारलं. “तिची मान बघ,” हळूच म्हणाल्या.

हौसाक्का बोलताना आमच्याकडं बघत नव्हत्या. त्या चुलीपुढून वर, रिकाम्या चौकटीकडं बघत होत्या. मान पूर्ण मागं टाकून.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी उठून त्यांच्या शेजारी खाली बसले. संपत सहा फूट उंच होता. ही बाई उभी राहिली तरी त्याच्या खांद्याला पोचत नसणार, आणि सुट्टीतले दिवस तर ती चुलीपुढं बसलेली आणि तो दारात. तिनं त्याला आयुष्यभर खालून बघितलं होतं. हनुवटीची खालची बाजू, नाकपुड्या, मिशीची आतली कड, खाली झुकलेल्या पापण्या. कॅमेरा त्याच्या उंचीवर उभा राहिला होता. ती कधीच राहिली नव्हती.

“आक्का,” आपांनी विचारलं, “जखम कुठं म्हनला?”

त्यांनी पिठाच्या बोटानं स्वतःच्या हनुवटीखाली, गळ्याच्या बाजूला, आडवी रेघ ओढली.

“खाली हाय व्हय? मग सांगायचं न्हाई का.”

“सांगायचं काय त्यात,” हौसाक्का म्हणाल्या. “म्होरंच दिसतीया की.”

असा चेहरा आमच्या धंद्यात कुणी केलेला नव्हता. आपांच्या घराण्यात सगळे मावळे वर बघत आले होते. हा खाली बघणारा. नवीनच माणूस करावा लागला. तारेच्या सांगाड्यावर पुट्टी लावून आम्ही तो घडवला: बनियन, फौजी पँट, दोन्ही हात वर, मान पुढं झुकलेली. रंगवायची वेळ आली तेव्हा टेबलाचा उपयोग नव्हता. टेबलावर धरून बघितलं तर फक्त डोकं दिसायचं. मग शेडच्या कपाटाच्या मधल्या फळीवर तो उभा केला आणि मी जमिनीवर बसले. मनगटं टेकवायला काही नाही. आपांनी माझ्या कोपराखाली स्वतःचा हात दिला. दुसऱ्या बाजूला हौसाक्का, खास वडापनं आलेल्या. तीन बायका भुईवर बसून माना वर करून बघतायत. शेडमधल्या पोरी म्हणाल्या, ग्रहण लागलंय का आपा.

सगळं उलटं होतं. वरून उजेड येतो, त्यामुळं झुकलेलं तोंड सावलीत. पण सावलीत ठेवलं तर ते मेलेलं दिसतं. आपा म्हणाल्या, “चुलीचा उजेड घाल.” म्हणजे खालून. हनुवटीच्या तळाला तांबूस, नाकपुड्यांच्या कडांना, भुवयांच्या खालच्या अंगाला. उजेड खालून घातला की चेहरा राक्षसासारखा दिसतो हे आम्ही सगळेच शिकतो. तो अगदी हलका, पाणी जास्त रंग कमी असा घातला. टाक्यांची रेघ घातली. हौसाक्का म्हणाल्या, “आणि जरा अलीकडं.” अलीकडं घेतली. मग पापण्या. खाली बघणाऱ्या डोळ्यात पांढरं फार थोडं असतं. पापणीची जाड कड, तिच्याखाली बुबुळ आणि एक बारीक चमक. उजवा झाला. डाव्याच्या खालच्या कडेला मी ब्रश नेला.

“थांब,” हौसाक्का म्हणाल्या.

“चुकलं का, काकी?”

“न्हाई. आता काय करू नगंस.”

मी ब्रश काढून घेतला. आपांनी माझ्या कोपराखालचा हात काढला नाही. ते काम मी पुरं केलेलं नाही. डाव्या डोळ्याला खालची कड नाही, आणि जगात कुणाला ती घालू देणार नाही.

मूर्ती पोचवायला आम्ही दोघी गेलो तेव्हा घरात सरपंच बसले होते आणि सुभेदार आबा. आबा म्हणजे निवृत्त सुभेदार, उंच, ताठ, पुतळ्याच्या समितीचे प्रमुख. गावात बातमी पोचली होती की कराडात संपतची मूर्ती केली आहे. त्यांना ती दिवाळीत कमानीजवळ, मंडळाच्या किल्ल्यावर ठेवायची होती. आबांनी ती माझ्या हातातून घेतली, डोळ्यांसमोर धरली.

“हे काय हाय?”

“संपत आहे,” मी म्हणाले.

“बनियनवर?”

सरपंचांनी मान पुढं काढली. “झोपल्यावानी दिसतोय की ह्यो, आबा.”

“मान खाली,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं जास्त लागत होता. “बाई, ह्या गावातल्या जवानानं मान खाली घातल्याली न्हाई. एकानंबी न्हाई. गावानं वर्गणी काढून पुतळा केलाय, छाती पुढं हाय त्याची. आणि तुमी ह्यो... ह्यो असा लोकास्नी दाखवायचा? अपमान हाय ह्यो त्या पोराचा. परत न्या आणि सरळ करून आना.”

माझ्या तोंडात मथळ्यासकट पत्रक तयार झालं. तुमच्या पुतळ्यानं काय केलंय ते माहीत आहे का, इथून ते सुरू होणार होतं. आपांनी माझा हात इतक्या जोरात धरला की बांगडी रुतली. आणि मला दिसलं की आबांचा अंगठा मूर्तीच्या वाकलेल्या मानेवरून पुन्हा पुन्हा फिरतोय. तो माणूस रागावला नव्हता, त्याला लागलं होतं. त्यानं त्या पोराला फौजेत भरती करायला स्वतः नेलं होतं, हे मला नंतर कळलं.

हौसाक्का उठल्या. आबांच्या हातातून त्यांनी मूर्ती काढून घेतली. चुलीच्या वरच्या अंगाला, बसलेल्या माणसाचा हात पोचेल अशी मिठा-मिरचीच्या डब्यांची फळी होती. दोन डबे बाजूला सारून त्यांनी संपतला तिथं ठेवला, थोडा वळवला, पुन्हा थोडा वळवला. मग चुलीपुढचं पोतं झटकून नीट अंथरलं.

“आबा,” त्या म्हणाल्या, “हितं बसा.”

“हितं? चुलीम्होरं?”

“बसा की. मी रोज बसती.”

आबा सरपंचांकडं बघत राहिले. मग भिंतीला हात लावून, गुडघे कटकटा वाजवत, ते हळूहळू खाली बसले. पांढऱ्या लेंग्यानिशी पोत्यावर मांडी घातली. ताठ बसल्यावर त्यांचं डोकं फळीच्या जवळ येत होतं, म्हणून हौसाक्कांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना अजून खाली वाकवलं, आपल्या उंचीइतकं.

आबांनी वर बघितलं.

चुलीवर पाणी उकळत होतं. भरतीच्या दिवसापासून त्यांनी त्या पोराला समोरासमोर, डोळ्याला डोळा देऊन पाहिलं असणार. हे तोंड त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

“तुझ्याकडं बघताना असा दिसायचा व्हय गं?” त्यांनी विचारलं.

“व्हय.”

ते आणखी थोडा वेळ बसून राहिले. मग उठायला गेले, भिंतीचा आधार पुरेना. हौसाक्कांनी काटकुळा हात पुढं केला, आणि त्या उंच माणसानं तो धरला, उठला, आणि कुणाकडं न बघता चौकटीखालून वाकून बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला.

हौसाक्कांनी पोतं पुन्हा सरळ केलं.

“सरपंच,” त्या म्हणाल्या, “आता तुमी बसा.”